भोज्जाची भिंत

बाबा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते विसरले नाही, लिहावंसं वाटलं नाही.

येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. धाकट्या काकांचा पिंपरीहून फोन आला होता. "वैशू, दादांबद्दल चार शब्द लिहून पाठव. पानं वाढायच्या आधी वाचून दाखवू सगळ्यांना. घरातली पहिली पदवीधर तू, तूच लिहायला पाहिजेस." मी हो म्हटलं. मला रजा नाही, आमच्या प्रोजेक्टचं काम त्याच आठवड्यात सुरू होतंय, रविवारीसुद्धा जावं लागेल. आई मात्र परवाच्या विमानाने निघते आहे. तिच्याबरोबर कागद द्यायचा असं ठरलं.

रोज ऑफिसातून आल्यावर लिहायला बसले. 'शांत, शिस्तप्रिय, मितभाषी.' एवढं लिहायचं आणि फाडायचं. पुढे जाताच येईना. कारण बाबा, मी तुमच्या गावाला जाऊन आले.

सासवडकडच्या गावाला नाही. त्या दुसऱ्या गावाला, स्टुटगार्टजवळच्या. त्याचं नाव इथे लिहीत नाही. घरात ते इतक्यांदा ऐकलंय की मला ते पुन्हा तोंडात घ्यायचं नाही.

कारखान्याने तुम्हाला नवं मशीन शिकायला तिथे पाठवलं तेव्हा मी चार वर्षांची होते. त्याआधीचे तुम्ही मला आठवत नाही. आठवतात ते परत आलेले तुम्ही. येताना एक चॉकलेटचा डबा आणलात, एक फोटो आणलात आणि एक नियम आणलात. डबा संपला. फोटो भिंतीवर लागला: खाली बेकरी, वर लाल फुलांच्या कुंड्या लावलेली खिडकी, "ती माझी खोली." आणि नियम आमच्या मानेवर बसला. रविवारी दुपारी आवाज नाही! "तिकडे रविवारी टाचणी पडली तरी ऐकू येते," असं म्हणायचात.

मिक्सर बंद. रेडिओ बंद. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही म्हणून आई सांडशी घेऊन गॅसपाशी उभी. वाफ भरली की शिट्टी हळूच उचलायची. भांडी घासताना बांगड्या कोपरापर्यंत सारायची, किणकिण नको म्हणून. सुरुवातीला फक्त रविवारी. मग तुमची रात्रपाळी असेल तेव्हा. मग रोजच. कॉलनीत तुमचं नाव पडलं 'जर्मन'. शेजारच्या मावशी पायरीवरूनच विचारायच्या, "जर्मन घरात आहे का गं? मग मी नंतर येते." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा, खरंच! आमचे बाबा वेगळे, साहेबी वळणाचे.

एकदा, सहा वर्षांची असेन, बाहेर लपाछपी चालली होती. धावत येऊन मी आपल्याच दाराला थाप मारली आणि ओरडले, "भोज्जा!" दार उघडून तुम्ही बाहेर आलात. रागावला नाहीत. फक्त बोट ओठांवर ठेवलंत आणि दार लावून घेतलंत. त्यानंतर आपलं दार भोज्जाला कुणी घेतलं नाही. लोक म्हणतात, जर्मनाने पोरीवर कधी हात उचलला नाही. खरं आहे. तुम्ही बोट उचललंत. तेवढ्याने भागत होतं.

आणि मी काय केलं? मी मोठी झाले ती या नियमावर विश्वास ठेवून. जग आवाजाने बिघडतं, शिस्तीने सुधारतं, आणि नियम सगळ्यांना सारखा असावा. हे मी शाळेच्या निबंधात लिहिलं, कॉलेजातल्या भाषणात बोलले. इंजिनियर झाले, संध्याकाळचे जपानीचे वर्ग केले, तोक्योला आले. बरोबरच्या मुली इथल्या शांततेला घाबरल्या. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, कचरा वेगवेगळा करताना बाटलीचासुद्धा आवाज होऊ द्यायचा नाही. मला एक दिवसही जड गेलं नाही. मी तर जपानसाठी घरीच तयार झाले होते!

तुम्ही गेल्यावर आईला तीन-तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे ओजिमाला आणायला लागले. सरकारी इमारती आहेत, बरीच आपली माणसं राहतात. खालच्या मजल्यावर मोरिताबाई आहेत, सत्तरीच्या. वरून जरा पावलं वाजली की इमारतीच्या ऑफिसात तक्रार करतात. समोरच्या केतकीवहिनींचा ओम घरभर उड्या मारतो, त्यामुळे त्यांच्या दारात महिन्याला एक चिठ्ठी ठरलेली. आमच्या दारात कधीच नाही. उलट लिफ्टमध्ये मोरिताबाई आईपुढे वाकून मला म्हणतात, "ओकासान, इत्सुमो शिझुका देसु ने." तुमच्या आई नेहमी किती शांत असतात!

केतकीवहिनी एकदा म्हणाल्या, "काकू, महिनाभर आमच्याकडे राहायला या. आमच्या चिठ्ठ्या तरी थांबतील." आई हसली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता. आता हातात एकच पाटली आहे, तीही भांडी घासताना वर सारते. कुकरपाशी अजून सांडशी घेऊन उभी राहते. मी म्हटलं, "आई, होऊ दे की शिट्टी." तर म्हणे, "नको गं. त्यांना आवडायचं नाही." कुणाला? मोरिताबाईंना, की तुम्हाला?

तर गेल्या महिन्यात ऑफिसने मला आठवडाभर स्टुटगार्टच्या शाखेत पाठवलं. रविवार मोकळा होता. आईने तुमचा तो फोटो इथे आणलाय, तो पर्समध्ये घातला आणि लोकल ट्रेन धरली. तीर्थाला निघावं तशी निघाले, बाबा. साडी नेसून गेले!

गाव छान आहे. खोटं कशाला बोलू? उतरत्या छपरांची घरं, गावामधून वाहणारा अरुंद ओढा, त्यावर लाकडी पूल. दुकानं बंद, रस्ता धुतल्यासारखा, वर्दळ नाही. पुलावर उभी राहिले आणि डोळे भरून आले. वाटलं, ही ती शांतता. हिच्यासाठी आम्ही सगळं सोसलं ते वाया गेलं नाही.

आणि तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. चर्चच्या घंटा! पुलाचा कठडा हाताखाली थरथरत होता. थांबेचनात. त्या कधी सांगितल्या नाहीत तुम्ही! घंटा संपल्या तर मैदानावरून फुटबॉलचा आरडाओरडा, पलीकडे बागेत टेबलं मांडून बसलेली माणसं आणि त्यांचं गडगडाटी हसणं. टाचणी पडलेली ऐकू येते म्हणे!

बेकरी सापडली. रविवारी दुपारपर्यंतच उघडी असते. गल्ल्यावर माझ्याहून थोडी मोठी बाई होती. मी फोटो पुढे केला आणि इंग्रजीत तुमचं नाव सांगितलं. ती फोटोकडे बघतच राहिली. मग आतल्या दाराकडे तोंड करून आईला हाक मारत ओरडली, "मामा! रेडिओ!"

रेडिओ. तिथे तुमचं नाव रेडिओ होतं, बाबा.

आतून तिची आई आली, हेल्गाबाई, तुमच्या घरमालकीण. पिठाचे हात तसेच माझ्या गालांना लावले आणि भराभरा बोलायला लागल्या. मुलगी कारिन इंग्रजीत सांगत होती. "आई म्हणते, सकाळी उठल्यापासून बडबड. जर्मन येत नव्हतं तरी बडबड. जिन्यावरून शीळ घालत उतरायचा. एकदा रविवारी भर दुपारी खिडकीत उभा राहून रस्त्यापलीकडच्या मित्राशी गप्पा मारत होता, तेव्हा समोरच्या म्हातारबुवांनी पोलिसांना बोलवायची धमकी दिली. आई रोज ओरडायची, 'रुहं!' म्हणजे गप्प! तर हा ओठांवर बोट ठेवून चवड्यांवर असा चालायचा की आम्ही हसून लोळायचो."

ओठांवर बोट ठेवून. ऐकताय ना?

म्हणजे तो नियम तुमचा नव्हताच. तुम्ही मोडलेला नियम होता तो! तुम्ही ज्यासाठी रोज बोलणी खाल्लीत, तोच उचलून आमच्यासाठी आणलात. तिथे ज्या बोटावर लहान पोरं हसायची, त्याच बोटाला मी घाबरत होते.

मग कारिन मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे एक जुनी विटांची भिंत आहे. कारिन, तीस-पस्तिशीची, दोन पोरांची आई, ॲप्रन सावरत धावत गेली, भिंतीवर थाप मारली आणि ओरडली, "भोज्जा!"

अगदी आपल्यासारखा उच्चार. पिंपरीच्या पोरीसारखा.

"त्याने शिकवलं," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होते. गल्लीतली सगळी पोरं खेळायची. तो रोज कारखान्यातून आला की आधी आमच्याबरोबर खेळायचा. माझी पोरं पण हेच ओरडतात, त्यांना वाटतं जर्मनच शब्द आहे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू ती छोटी ना? तो म्हणायचा, घरी गेलो की माझ्या मुलीला हा खेळ शिकवणार. मला तुझा फार हेवा वाटायचा."

हेवा! माझा!

हेल्गाबाईंनी विचारलं, "अजून तसाच गडबड्या होता का?" काय सांगणार होते मी? "हो," म्हटलं, "शेवटपर्यंत." त्या रडल्या, मला पावाची पिशवी भरून दिली. मी तुमची लाज राखली बाबा, पण ती त्या म्हातारीसाठी. तुमच्यासाठी नाही.

परतीच्या विमानात एकच प्रश्न घोळत होता. विमानतळावरून आपल्या दारापर्यंत येता येता काय झालं तुम्हाला? आम्ही इतके कंटाळवाणे होतो? आई शीळ ऐकण्याच्या लायकीची नव्हती? तुमच्या अंगात तो माणूस होता, जिवंत होता, आणि तुम्ही तो घरात शिरूच दिला नाहीत. मुळात नसताच तर मी काही म्हटलं नसतं. नसलेल्याचा हिशोब कुणी मागत नाही. पण होता!

इथे आल्यावर प्रश्न पडला, आईला सांगायचं की नाही. तिने तुमचं गप्प असणं आयुष्यभर एका वाक्यावर निभावलं होतं: "स्वभावच तसा आहे त्यांचा, त्याला ते काय करणार?" ते वाक्य काढून घेतलं तर तिच्याकडे काय उरणार? दोन आठवडे मी तोंड मिटून बसले. मग लक्षात आलं की मीही तेच करते आहे. आईच्या घरात आणखी एक माणूस तिच्यापासून काहीतरी लपवून गप्प बसलाय.

परवाच्या रविवारी दुपारी सांगितलं. ती गॅसपाशी उभी होती, सांडशी हातात. मी रेडिओ सांगितला, शीळ सांगितली, भिंत सांगितली. ती वळली नाही.

"त्या पोरीला शिकवलं?" तिने विचारलं.

"हो."

"रोज खेळायचे?"

"रोज."

मग पाठमोरीच म्हणाली, "परत आले आणि फोरमनची जागा कुणा डिप्लोमावाल्याला गेली. मनाला लागलं त्यांच्या."

मी भडकले. "म्हणून? जागा साहेबाने दिली नाही आणि तोंड आपल्यावर बंद केलं? तुझी काय चूक होती त्यात? माझी काय होती?"

मला माहीत आहे, ती जागा गेली म्हणूनच तुम्ही मला इंजिनियर केलंत. फीसाठी जादा पाळ्या केल्यात. ते मी नाकारत नाही. पण शिकवलंत म्हणून बाकीचं माफ, असं समीकरण मला जमत नाही. शिक्षणानेच मला विचारायला शिकवलं, तर मी विचारणारच.

आईने सांडशी ओट्यावर ठेवली. म्हणाली, "मला वाटायचं वैशू, माणूसच असा. आता कळलं, आपल्यापुढेच असा."

कुकरची शिट्टी झाली. तिने हात पुढे केला नाही. दुसरी झाली. खालून मोरिताबाईंनी छताला काठी लावली, ठक् ठक्. आईने खाली बघितलं आणि चक्क पिंपरीच्या आवाजात ओरडली, "अहो, वरण शिजतंय!" मराठीत! मी बघतच राहिले.

जेवताना तिने विचारलं, "काकांसाठी लिहिलंस त्यात हे घातलंयस का?"

"नाही. शांत, शिस्तप्रिय असं लिहिलंय."

"फाड ते," आई म्हणाली. "खरं लिही. आणि भावोजींच्या हातात नको देऊस, ते गाळतील. मी वाचते. सातवीपर्यंत शिकलेय मी."

"सगळ्यांसमोर? तुझा आवाज फुटेल?"

"फुटला तर फुटला."

म्हणून हे पत्र. मी एक वचन देते, तुमच्यासारखं दिलेलं नाही, पाळायचं म्हणून दिलेलं. रविवारी दुपारी मी ऑफिसातून बाहेर येऊन फोन कानाला लावून उभी राहीन. आईचा आवाज खाली आला तर इथून ओरडून सांगेन, "मोठ्याने, आई!" आणि यापुढे माझ्या घरात, ते ओजिमात असो की पिंपरीत, ओठांवर बोट ठेवून तिला कुणी गप्प करणार नाही. मोरिताबाईंची समजूत मी घालीन, गोड पदार्थ घेऊन जाऊन. तुमची समजूत घालायची माझी इच्छा नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या अंगणातून निघताना कारिन पुढे गेल्यावर मी मागे वळले, साडी वर खोचली आणि त्या भिंतीवर जोरात थाप मारली. हात झिणझिणला. मोठ्याने ओरडले मी, रविवारी, भर दुपारी. मी भोज्जा केलाय, बाबा.

राज्य तुमच्यावर आहे.

वैशाली
ओजिमा, तोक्यो