पुकारा झाला तेव्हा आम्ही हजर होतो

प्रति,
मा. दिवाणी न्यायाधीश साहेब, कनिष्ठ स्तर,
तालुका न्यायालय, जिल्हा यवतमाळ.

विषय : माझ्या मालकांविरुद्ध विमा कंपनीला मिळालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करून दावा पुन्हा ऐकण्याबाबत.

संदर्भ : नियमित दिवाणी दावा क्र. ३१/२०२५, हुकूमनामा दि. १२ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. रोजनाम्यात "प्रतिवादी पुकारा करूनही गैरहजर" असे नमूद आहे. ते खरे नाही. दि. १५ जुलै रोजी आम्ही दोघे सकाळी दहापासून कचेरीत होतो. माझ्या मालकांना दीड वर्षापूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आपले दालन वरच्या मजल्यावर असल्याने ते खाली, आमच्या तांड्यातल्या उकंडाच्या ऑटोत बसले व मी वर येऊन दाराशी थांबले. नात उज्ज्वला हिची त्याच दिवशी पुरवणी परीक्षा होती, म्हणून ती सोबत नव्हती.

२. शिपायांनी मालकांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. तिन्ही वेळा मी पुढे गेले. त्यांनी विचारले, "कोणाचं प्रकरण? नाव सांगा." मी म्हटले, "माह्या घरच्यायचं." नाव काय, असे पुन्हा विचारल्यावर मी तोंडाला पदर लावला. आमच्या तांड्यात बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली, मी घेतलेले नाही. "आता तुमीच घेतलं ना भाऊ, तेच," असेही मी सांगितले, परंतु गर्दी होती आणि पुढचे नाव पुकारले गेले. शिपायांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना दिवसाला शंभर नावे घ्यावी लागतात, मला एक घेता आले नाही.

३. मालकांनी बैलगाडी भरधाव हाकून मोटारीचे नुकसान केले, असे कंपनीचे म्हणणे मान्य झाले आहे. अपघात लकव्याआधीचा आहे; त्या वेळी गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि सोडलेले बैल शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर कडबा खात होते. मोटार मागून येऊन आदळली. बैलांवाचून गाडी भरधाव कशी गेली, एवढे तरी कंपनीला कोणी विचारायला हवे होते. त्या शेताचे धनी भगवानराव ढोले यांनी हे डोळ्यांनी पाहिले असून ते साक्षीस तयार आहेत.

४. कंपनीचा माणूस जप्तीत शेळ्या नेऊ म्हणून सांगून गेला. मालकांच्या गोळ्या त्या शेळ्यांवरच चालतात. मला फार भीती वाटते, साहेब. त्यांना बोलता येत नाही आणि जिला येते ती त्या दिवशी गप्प राहिली, याचा रागही येतो. डॉक्टरांचा दाखला व उकंडाचे लेखी निवेदन सोबत जोडले आहे.

५. तरी हुकूमनामा रद्द करून एकवार पुन्हा पुकारा करावा, ही विनंती. या वेळी मी दारातच मोठ्याने नाव घेईन.

हा अर्ज मी सांगितला व उज्ज्वलाने लिहिला. वर कोठेही मी मालकांचे नाव येऊ दिलेले नाही. अंगठ्याखाली पूर्ण नाव लागतेच, असे ती म्हणाली, तेव्हा मी ते तोंडाने सांगितले. मालक खाटेवर ऐकत होते. त्यांनी डावा हात वर केला, पुकाऱ्याला हजर म्हणतात तसा.

तीन हाका ऐकून गप्प राहिलेली,
आपली नम्र अर्जदार,

(डाव्या अंगठ्याची निशाणी)
लालीबाई धावजी राठोड
दि. ८ सप्टेंबर २०२५