चौदा इंजेक्शनं

७ जानेवारी १९७४
डोकं फिरायची वेळ आलीय! काल मैंदर्गीजवळ भरदिवसा लांडगा मेंढरांत शिरला. लाळ गाळत, झोकांड्या खात. बिरप्पा धनगराच्या बायकोचा, कस्तुराबाईचा, हात फाडला. लोकांनी काठ्यांनी मारला. ठीक. पण मेंदू तपासायला डोकं हवं — आणि लांडगा कुठाय? लांडगा मारला की मिरवायची रीत म्हणे, गाडीवर बांधून गावोगाव मिरवतायत! बायका कुंकू लावतायत, सुपातून जोंधळे घालतायत. पिसाळलेल्या जनावराला हात! आणि मी, सरकारी जनावरांचा डॉक्टर, मिरवणुकीमागे एस.टी.नं फिरतोय.

८ जानेवारी
दुधनीच्या वाटेवर गाठला. "फेरी तरी पुरी हू द्या की, सायेब!" ऐकलं नाही. मेंदूचे तुकडे बाटल्यांत भरले, पुण्याला पाठवायला.
बिरप्पा म्हणतो, "पिसाळल्यालं न्हवतं त्ये. म्हैन्यामागं आमची तीन कुत्री अशीच गेली. डोळ्याला चिपडं, खोकला, मग झटके. कुनाला चावली न्हाईत." म्हटलं, तू डॉक्टर का मी? तर म्हणे, "मग कागद दावा. कागदावर असंल तर टोचून घिऊ."
कागद येईपर्यंत बाई मरेल, त्याचं काय!

१० जानेवारी
नवरा-बायको दोघांना सोलापूरला आणून माझ्याच पडवीत ठेवलं. दवाखान्यात रोज एक इंजेक्शन, पोटात, चौदा दिवस. लस मेंढीच्या मेंदूची असते हे बोलून गेलो — चूक झाली. कस्तुराबाई भडकली, "आमच्याच मेंढीचा मेंदू माज्या पोटात?" पण घेतलं पहिलं.

१५ जानेवारी
बाटल्या अजून इथल्याच कचेरीत! सही करणारे साहेब रजेवर. एवढा संताप कधी झाला नव्हता. मीच सही ठोकली आणि पाठवल्या.

१८ जानेवारी
सकाळी दोघं गायब. स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीत सापडली. "मेंढरं कोन बगनार?" भर स्टँडवर ओरडलो बाईवर — तडफडून मरायचंय का? लोक बघत होते. बघू देत.

२१ जानेवारी
कस्तुराबाई म्हणते, "पायाला मुंग्या येत्यात, डागदर." म्हटलं, दवाखान्यात बोलू नकोस, इंजेक्शनं थांबवतील. दोनच राहिलीत. आता सुटू देणार नाही.

२३ जानेवारी
चौदावं झालं. घरी पायरीवर बसली ती उठेचना. पाय गेले. लघवी बंद. उचलून परत दवाखान्यात.
तिथला डॉक्टर म्हणाला, लसीतल्या मेंदूशी शरीर झगडतं. हजारांत एखाद्याचं ते स्वतःच्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर उलटतं. "मुंग्या आल्या तेव्हाच का नाही सांगितलं?"
कस्तुराबाई गप्प. मीही गप्प. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर बिरप्पाला म्हणालो, जीव तर वाचला ना!

२८ जानेवारी
पुण्याहून उत्तर आलं. पिसाळल्याची खूण नाही. मेंदूला सूज आहे ती कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाची. माणसाला होत नाही.
बिरप्पा दवाखान्यात तिचा डबा न्यायला येईल आत्ता. कागद त्यानंच मागितला होता.