हवाबींचे टेबलघड्याळ आणि माझी हत्यारे

मी, एकनाथ विठू पेडणेकर, वय ६८, धंदा घड्याळदुरुस्ती, मूळ राहणार कुडाळ, हल्ली मुक्काम रुवी, मस्कत, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके शाबूत आहे. हात थरथरतात, पण मृत्युपत्राला डोकेच लागते, असे वकील म्हणतात.

१. कुडाळचे घर व बँकेतील ठेव पत्नी कलावती हिची. तिने घर विकून खुशाल रोज हॉटेलात जेवावे. मुलीने मध्ये बोलू नये.

२. दुकान अर्बाबच्या, म्हणजे इथल्या अरब मालकाच्या, नावावर आहे. सबब ते मी मोठ्या मनाने कोणालाच देत नाही.

३. माझी सर्व हत्यारे कलावतीचा भाऊ व इथल्या दुकानातला माझा मदतनीस चंद्रहास याला. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा भ्रमिष्ट झाला होता.

२०१२ साली मी गावी गेलो असता या इसमाने आमच्या जुन्या गिऱ्हाईक हवाबी यांच्या सव्वादोनशे वर्षांच्या लंडनच्या टेबलघड्याळात बॅटरीचे मशीन बसवले आणि मूळ मशीन हलव्याच्या डब्यात टाकले. आतली साखळी तुटली. ही साखळी स्प्रिंगची ओढ सारखी ठेवते. मुंगीने सायकल घेतली तर तिला अशी साखळी लागेल. मागच्या पितळी पत्र्यावर वेली नि पक्षी कोरलेले. घड्याळ भिंतीला टेकवले की ते कोणाला दिसत नाहीत, तरी कोरणाऱ्याने कंटाळा केलेला नाही. मी चंद्रहासशी बोलणे टाकले. एकाच टेबलावर बसून, वर्षभर.

हवाबींना खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, जुनेच मशीन हवे, इन्शाल्ला होईल. पण कड्या जोडताना माझा हात थरथरू लागला. तीन कड्या मोडल्या. चौथीला चंद्रहासने स्टूल जवळ ओढले.

"भावोजी, कड्या मी जोडतो. तुम्ही शिव्या द्या."

पाच महिने दोघांनी आपापले काम चोख केले. घड्याळ वाजले तेव्हा हवाबी हसल्या, चंद्रहास रडला, मी चहा मागवला.

४. हवाबींनी अल्लाघरी जाण्यापूर्वी ते घड्याळ मला दिले. तेही चंद्रहासचेच. त्याने केलेली साखळी माझ्या हातून झाली असती त्याहून सरस आहे. हे त्याला तोंडावर सांगायला मला चार वर्षे मिळाली. जमले नाही. म्हणून हा कागद.

ठिकाण: रुवी. दिनांक: ९ मार्च २०१८.

सही: एकनाथ विठू पेडणेकर

साक्षीदार:
१. सिराज, शेजारचे शिंपी (मजकूर हिंदीत समजावून सांगितला, हसून झाल्यावर सही केली)
२. नूतन साळगावकर, शिक्षिका (शुद्धलेखनही तपासले)