शेवंताबाईच्या आवाजाची वाटणी

मी, भगवान तुळशीराम खिल्लारे, वय सदुसष्ट, धर्म बौद्ध, धंदा साउंड सर्व्हिस (आता बंद), राहणार नावडे कॉलनी, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करून ठेवत आहे. मी शुद्धीत आहे. डावा कान गेला आहे, उजवा चालतो. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला तो सगळा ऐकू आला. कोणाचा दबाव नाही. आजारीही नाही. थकलो आहे, आणि थकल्याचा दाखला डॉक्टर देत नाहीत म्हणून ते इथे नोंदवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी सांगितलं तर तो कागद खोटा समजावा.

१) राहतं घर, सिडकोची वन रूम किचन, पत्नी जयमाला हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये. तिच्या पश्चात मुलगा संघर्ष आणि मुलगी संघप्रिया यांना सारखं. संघर्ष पुण्याहून फोन करतो, "बाबा, बरंय ना?" विचारतो आणि मी हो म्हणायच्या आत "चला मग" म्हणतो. तरी वाटा सारखाच ठेवला आहे. पोरगा वाईट नाही, घाईत असतो.

२) बँकेतली ठेव जयमालाला. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना लावलेल्या तिच्या गोधड्याही तिच्या तिला परत. तळोज्याकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर आत येऊ नये म्हणून मी त्या खिळे मारून टांगल्या होत्या. तेव्हा ती म्हणाली होती, "मान्सं कुडकुडू द्या आन् भिंतीला पांघरून घाला." गोधड्यांना भोकं पडली त्यावरून ती अजून मला बोलते. बोलू द्यावं.

३) मोठे बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, भोंगे, सगळं आमच्या बुद्धविहाराच्या मंडळाला, जयंतीसाठी. भाड्याने देऊ नये. मी आयुष्यभर सगळ्या पक्षांच्या सभांना माइक लावले. त्यात माझं स्वतःचं भाषण म्हणाल तर "हॅलो, हॅलो, चेक" एवढंच. ज्यांनी माझ्याच माइकवरून आमच्या वस्तीला नळ द्यायचं कबूल केलं, त्यांना या मृत्युपत्रात मी काही ठेवलेलं नाही. त्यांची माझी फिटंफाट झाली.

४) लहान माइक, रेकॉर्डर, लॅपटॉप आणि 'चालू हाय का?' हा आमचा पॉडकास्ट संघप्रियाला. धंदा बंद पडल्यावर तिनेच मला हे शिकवलं. म्हणाली, "बाबा, रेडिओसारखंच आहे, फक्त कोणाची परवानगी लागत नाही." तळोज्यातल्या कंत्राटी बायका, गटारात उतरणारी माणसं, एपीएमसी मार्केटात झाडणाऱ्या, असे सगळे आमच्या खोलीत येऊन बोलले. माइकसमोर बसलं की जो तो आधी विचारायचा, "चालू हाय का?" म्हणून तेच नाव ठेवलं.

संघप्रियाला सूचना. माणूस आल्यावर आधी चहा दे, मग माइक. कोणाची भाषा सुधारू नकोस. कोणी रडायला लागलं तर रेकॉर्डिंग थांबव. रडण्याला लोक जास्त ऐकतात हे मलाही माहीत आहे, तरी थांबव. आणि वाशीच्या संस्थेवाल्या क्षिप्रा मॅडम परत आल्या तर त्यांना चहा द्यायलाही हरकत नाही, पण फाइल देऊ नकोस. मागे त्यांनी आमचं एक रेकॉर्डिंग न विचारता कुठल्याशा परिषदेत वाजवलं, बोलणारीचं नाव बदलून. त्यांच्या बॅनरवर लिहिलं होतं, 'आवाज नसलेल्यांचा आवाज'. मार्केटात झाडणारी आमची शेवंताबाई कांद्याच्या गाळ्यावरून हाक मारायची तर गेटवरचा रिक्षावाला मागे वळून बघायचा. मॅडम कोणाला आवाज द्यायला निघाल्या होत्या ते मला आजवर कळलेलं नाही.

५) रेकॉर्डिंगचा नियम. जो बोलला, रेकॉर्डिंग त्याचं. तो म्हणाला काढा, की काढायचं. का म्हणून विचारायचं नाही. हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. बोलणारं माणूसच गेल्यावर काय करायचं, हे मात्र मी ठरवलं नव्हतं, आणि त्यानेच माझा जीव खाल्ला. पुढचं कलम त्याबद्दल आहे. वकील म्हणाले, लांब होतंय. होऊ दे.

६) शेवंताबाई उत्तम वाव्हळ. नवरा लवकर वारला. कांदा-बटाटा मार्केटात झाडू मारायची, झाडताना सांडलेला माल गोळा करायची आणि तुर्भ्याला विकायची. त्यावर एक लेक वाढवली, कॉलेजपर्यंत नेली. जयमालाची मैत्रीण. आमच्याकडे बोलायला आली ती नवीन साडी नेसून. मी म्हटलं, "बाई, इथं फोटो नाही निघत." तर म्हणाली, "नसंना का. मला कळतंय ना मी काय नेसले ते."

ती जे बोलली ते असं. लेकीचं ऑफिसातल्या मुलाशी जमलं. मुलगा पार्थ, चांगला. त्याला सगळं सांगितलेलं होतं. पण त्याच्या आईला जात चालणार नव्हती, आणि मार्केटातली झाडूवाली विहीण तर त्याहून नाही. वाव्हळ आडनाव आमच्यातही असतं आणि वरच्या जातीतही, त्यावरून काही कळत नाही. मग मुलीने सासरी सांगितलं, आईवडील लहानपणीच गेले, मावशीने वाढवलं. शेवंताबाईच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितो: "साखरपुड्याला गेले तर लेक म्हनली, ह्या माज्या मावशी. म्या म्हनलं, बरं. लाडवाचं ताट घेतलं, समद्यांना वाढलं. येताना तिची सासू म्हनली, मावशी, तुमी आईवानी केलंत हो पोरीचं. आता काय बोलावं मानसानं?" आणि मग ती हसली. रेकॉर्डिंगमध्ये ते हसू आहे. माझ्या पत्नीचंही आहे. ती दारात उभी होती.

नंतर तिने लेकीचं कौतुक केलं. नाव घेऊन, खारघरच्या सोसायटीचं नाव घेऊन, कितव्या मजल्यावर राहते, लिफ्ट कशी आहे, नातवाचे डोळे कोणावर गेले. जाताना मी विचारलं, "बाई, हे सगळं ठेवायचं ना? लोक ऐकतील." ती म्हणाली, "ठिवा की. मी काय चोरी केली का?"

त्या पावसाळ्यात शेवंताबाई तापाने गेली. महिनाभरात तिची मुलगी माझ्या दारात. "काका, प्लीज डिलीट करा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी तुमच्या पॉडकास्टची लिंक टाकलीये. दुसऱ्याच कुठल्या एपिसोडची आहे, पण उद्या कोणी आईचा ऐकला तर? मुलाला काय सांगू मी?" मी म्हटलं, ज्याचा आवाज त्याची मर्जी, आणि तिची मर्जी मला माहीत आहे. ती तिथेच पायरीवर बसून रडली. मला त्या मुलीची दया आली, हे इथे स्पष्ट लिहितो.

जयमालाला नाही आली. ती म्हणाली, "जित्तेपनी मावशी केलं, आता मेल्यावर मुकी करायची का?" त्यावरून आमच्या घरात जे सुरू झालं ते तीन वर्षं मिटलेलं नाही. शेवंताबाईची मुलगी फोन करायची, मी उचलायचो, जयमाला ताट आपटायची. मी एपिसोड तेवढा बाहेरून दिसेनासा करून ठेवला. धड काढला नाही, धड ठेवला नाही. दोघींनाही पटलं नाही.

शेवटी मधला मार्ग म्हणून मी कापायला बसलो. आधी मुलीचं नाव काढलं. मग सोसायटी. मग साखरपुडा, लाडू, सासू, नातू. मार्केटमधलं ठेवावं म्हटलं, तर तिथेही दर वाक्याला लेकीची फी, लेकीचा डबा, लेकीचे बूट. तेही काढलं. उरलं ते खोकला, चहाचा घोट आणि कांद्याचे भाव.

तेव्हा व्यवस्था अशी: शेवंताबाईचं पूर्ण रेकॉर्डिंग आणि मी कापलेलं, दोन्ही, कायमच्या हक्काने तिच्या मुलीला. ठेवावं, पुसावं, तिची मर्जी. माझ्या घरच्यांनी तिला जाब विचारू नये. मला हे बरोबर वाटतं म्हणून नव्हे. आता माझ्याच्याने होत नाही म्हणून. मुलीच्या सांगण्यावरून तिचं नाव इथे लिहिलेलं नाही, जागा कोरी सोडली आहे: ____________. वकील म्हणाले, नाव नसलेल्या माणसाला काही देता येत नाही. सहीच्या दिवशी ती येऊन भरेल असं ठरलं आहे.

हे कलम जयमालाला वाचून दाखवलं. ती उठून भांडी घासायला गेली.

७) माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. भाषण नको. माइक तर मुळीच नको.

पुरवणी. सहीच्या दिवशी, वकिलांच्या ऑफिसात, माझ्या सांगण्यावरून टाईप केलेली.

आज ती मुलगी आली. नाव भरायच्या आधी म्हणाली, "काका, कापलेलं ऐकवा ना. ते चालणार असेल तर पूर्ण रेकॉर्डिंग पुसून टाकू." मी तिला हेडफोन दिला. ती ऐकत बसली. संपलं तरी काढेना. मला म्हणाली, "ह्यात आई कुठाय?" मी म्हटलं, "तू काढायला सांगितलंस ते सगळं काढलं, बाळा. एवढंच राहिलं." मग तिने पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. लाडवापाशी आली तेव्हा तिने तोंडावर हात घेतला. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो.

साक्षीदार दोन लागतात. एक दत्तू, माझ्याबरोबर उमेदीत बॉक्स उचलणारा, आलेला होता. दुसऱ्याला कंपनीने ओव्हरटाइमला थांबवून घेतलं. वकील म्हणाले, आमचा क्लार्क करील सही. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मी करते."

वकिलांनी तिला समजावलं, "मॅडम, साक्षीदार असा हवा ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर ते कलम मला खोडावं लागेल. रेकॉर्डिंगवर तुमचा हक्क राहणार नाही."

"मग ते कोणाचं?"

"खिल्लारेंचा नियम आहे ना वर. जी बोलली तिचं. ती ठेवा म्हणाली होती."

मी म्हटलं, "बाळा, घाई करू नको. घरी जा, पार्थशी बोल." ती म्हणाली, "तो तीन वर्षं म्हणतोय, सांगून टाकू घरी. सासूबाईंचं टेन्शन आहेच, काका, ते काय आज जाणार नाही. पण मी दमले आता." मी तिला म्हटलं, मीही.

जयमाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. ती उठली, मुलीजवळ जाऊन बसली.

कलम सहामधली व्यवस्था व कोरी जागा वकिलांनी खोडली, त्यावर मी सही केली आहे. शेवंताबाईचा एपिसोड संघप्रियाने पूर्ण, न कापता, पुन्हा सुरू करावा. बाकी मृत्युपत्र वर लिहिल्याप्रमाणे कायम. साक्षीदारांनी आपापली नावं स्वतःच्या हाताने लिहिली.

ठिकाण: पनवेल
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार:
भगवान तुळशीराम खिल्लारे (सही)

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. दत्तू पोशा म्हात्रे, राहणार नावडे गाव (सही)

२. गीतांजली पार्थ सामंत, राहणार खारघर, कालकथित शेवंताबाई उत्तम वाव्हळ, झाडू कामगार, कांदा-बटाटा मार्केट, यांची मुलगी (सही)