सायखेड्याच्या वळणावर मी मार्शल होते

५ ऑक्टोबर, रविवार

शेखर दुसरा. संतोष पहिला. पुन्हा.

मोटारींची रॅली कोइमतूरला होती, मी इथे कॉलेज रोडच्या घरात बसून फोनवर पाहिली. बक्षीस घेताना संतोषनं माझ्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, शेवटची रॅली आपल्या मातीत हाय भाऊ, नाशिकला ये, तिथं तुला धूळ चारतो. सगळे हसले. शेखरही हसला. शेखर सभ्य आहे, त्याला हसावं लागलं.

देवळाली कॅम्पच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही हरलो की सिस्टर फिलोमिना जिंकलेल्या हाउससाठी आमच्याकडून थ्री चिअर्स म्हणवून घ्यायच्या. आवाज कमी पडला तर पुन्हा. खिलाडूवृत्ती अशी लहानपणी अंगात मुरवावी लागते. संतोषच्या पिंपळगाव बसवंतला ती कोण मुरवणार? तिथे द्राक्षं पॅक करतात.

संकल्प: फेसबुकवर संतोषबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

६ ऑक्टोबर

लिहिलं. पण अत्यंत संयमानं. "विजय पचवायला संस्कार लागतात" एवढंच, आणि खाली थोडं स्पष्टीकरण.

८ ऑक्टोबर

माझ्या लिखाणाला प्रचंड प्रतिसाद. बहुतेकांनी हसणाऱ्या तोंडाचं चित्र टाकलं आहे. लोकांना पटलेलं दिसतं.

शेखर कारखान्यातून आला तो बूट न काढता माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, आई, ते काढून टाक. आमचं ते असंच चालतं. एकमेकांना चिडवतो, लोकांना मजा येते, रॅलीला चार माणसं जास्त येतात. तू मध्ये पडू नकोस.

मी म्हटलं, मी मध्ये पडत नाही, मी बाजूला उभी राहून सत्य सांगते.

खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अहो, हाच ना तो संतोष, गणपतीत तुमच्याकडे जेवून गेला, पुरणपोळ्यांना नाही म्हणाला नाही म्हणून तुम्हीच कौतुक करत होता? मी म्हटलं, जेवणं वेगळं आणि संस्कार वेगळे. वत्सलाबाईंना खेळातलं काही कळत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

हिशेब सरळ आहे. वर्षभराच्या गुणांत शेखर अजूनही संतोषच्या थोडासा पुढे. डिसेंबरात नाशिकची रॅली झाली की चॅम्पियन ठरणार. चॅम्पियनला पुढच्या वर्षी कंपनीची गाडी. म्हणजे अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली, कर्ज काढून इंजिनं बांधणं सुटलं. शेखर सकाळी चहा घेताना कॅलेंडरकडे बघतो.

संकल्प: या दीड महिन्यात घरात शांत वातावरण ठेवायचं.

२ नोव्हेंबर, रविवार

शेखरच्या गाडीचा गिअरबॉक्स सरावात फुटला. नवा यायला वेळ. आज दुपारी द्राक्षाच्या टेम्पोतून संतोषनं आपला जादा गिअरबॉक्स पाठवला. सोबत ड्रायव्हरकडे निरोप: काकूंना सांगा, यात बॉम्ब नाय.

माझी खात्रीच पटली. ज्याला हरवायचंय त्या माणसाला आपला गिअरबॉक्स कोण देतं? मी विमा कंपनीत जन्मभर मोटारीचे क्लेम तपासले आहेत. माणूस उगाच चांगला वागला की फाइल नीट उघडायची, हा माझा नियम होता.

शेखरला म्हटलं, दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घे. शेखरचा जोडीदार बुद्धभूषण तिथेच होता. गाडीत शेखरच्या शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवायचं काम त्याचं. शांत मुलगा. तो म्हणाला, मावशी, मागच्या वर्षी आपण त्यांना दोन टायर दिले होते, तेव्हा त्यांनी तपासले नव्हते. मी म्हटलं, कारण ते आपले टायर होते.

गिअरबॉक्स बसवला. उत्तम चालतो. फारच उत्तम. हेही संशयास्पद.

१५ नोव्हेंबर

निर्णय घेतला. नुसतं घरी बसून चालणार नाही. रॅली क्लबचे सेक्रेटरी खंडेराव यांना भेटले आणि मार्शल म्हणून नाव दिलं. मार्शल म्हणजे वळणावर उभं राहून लोकांना दोरीमागे ठेवणारा माणूस. खंडेराव म्हणाले, मॅडम, तुमचा मुलगा स्पर्धेत आहे, बरं दिसेल का? मी विचारलं, माझ्या निःपक्षपातीपणावर शंका आहे का? त्यांनी जरा वेळ छताकडे पाहिलं आणि मग म्हणाले, नाही नाही.

फेसबुकवर कळवलं. हसणारी तोंडं पुन्हा आली.

३० नोव्हेंबर, रविवार

मार्शल लोकांचा वर्ग झाला. मी पहिल्या रांगेत. बाकीची सगळी कॉलेजची पोरं, फोनमध्ये डोकं.

मुख्य गोष्ट एवढीच. प्रत्येक गाडीत एक बोर्ड असतो. एका बाजूला हिरव्या अक्षरात ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस. गाडी रस्ता सोडून गेली तर आतल्या दोघांपैकी एकानं बोर्ड मागून येणाऱ्याला दाखवायचा. हिरवा दिसला तर पुढे जायचं. लाल दिसला तर पहिल्या गाडीनं थांबायचंच, शर्यत गेली खड्ड्यात. खंडेराव दोनदा म्हणाले, मार्शलनं बोर्डाला हात लावायचा नाही. बोर्ड गाडीतल्यांचा.

दोनदा सांगायची गरज नव्हती. आम्हाला सिस्टर एकदाच सांगायच्या.

७ डिसेंबर, रविवार, पहाटे

मार्शलच्या नारिंगी जॅकेटला इस्त्री केली. शेखरच्या कपाळाला कुंकू लावलं. म्हणाला, आई, हेल्मेट घालायचंय, पुसलं जाईल. म्हटलं, मग जरा जास्त लावते.

आज मन एकदम शांत आहे. जो चांगला तो जिंको. शेखर चांगला आहे.

७ डिसेंबर, दुपारी

जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळच्या फेऱ्यांत शेखर पुढे. शेवटची फेरी सायखेड्याच्या पुढच्या मातीच्या रस्त्यावर. मी कांद्याच्या वावराजवळच्या वळणावर. गावातली माणसं दोरीच्या पुढे येत होती, त्यांना मी मागे रेटत होते. एक आजोबा म्हणाले, बाई, वावर माझं हाय. मी म्हटलं, आज ते क्लबचं आहे.

शेखरची गाडी आली, घसरली आणि कांद्यात जाऊन थांबली. उलटली नाही. बुद्धभूषण लगेच बाहेर आला, बोर्ड उचलून धरला. हिरवी बाजू. मी दोरी ओलांडून धावले. शेखरनं हेल्मेट काढलं होतं आणि कपाळापासून गालापर्यंत लाल ओघळ.

आई आहे मी. मी बुद्धभूषणच्या हातातून बोर्ड घेतला आणि लाल बाजू रस्त्याकडे केली. मागून कोण येत होतं, हा विचार माझ्या मनात आला नाही. संतोष येत होता, हे मला माहीत होतं, पण विचार आला नाही.

संतोष थांबला. गाडी आडवी टाकून आग विझवायचा डबा घेऊन कांदे तुडवत आला. मला म्हणाला, काकू, बाजूला व्हा. मला. त्यानं आत वाकून शेखरचा पट्टा सोडवला. शेखर म्हणाला, अरे, तू का थांबलास? संतोषनं बोर्डाकडे बोट दाखवलं. मग शेखरनं माझ्याकडे पाहिलं. ऊन डोळ्यावर असल्यामुळे असेल, पण नजर बरी नव्हती.

मागे गाड्यांची रांग लागली. फेरी रद्द. कोणाचीच वेळ धरणार नाहीत. म्हणजे सकाळचे आकडे कायम. म्हणजे शेखर चॅम्पियन. गाडीला ओरखडासुद्धा नाही, गावकऱ्यांनी ढकलून वर काढली.

कधी कधी प्रसंगावधान असलेला एक माणूस पुरतो.

७ डिसेंबर, संध्याकाळी

पंचांनी बोर्ड लाल का, हे विचारायला बोलावलं. मी लेखी निवेदन दिलं, तसं लिहायचा माझा हात बसलेला आहे. "चालकाच्या चेहऱ्यावर रक्त स्पष्ट दिसत होतं" असं वाक्य होतं. चांगलं वाक्य होतं.

शेखर न बोलावता आत आला. म्हणाला, रक्त नव्हतं, कुंकू होतं. आमचा बोर्ड हिरवा होता. आईनं फिरवला. आम्ही ठीक होतो.

पंच म्हणाले, विचार करून बोल, बोर्डाची जबाबदारी गाडीतल्यांची असते. तो फिरवू दिलात असं धरलं तर तू स्पर्धेतून बाद. शेखर म्हणाला, माहीत आहे.

मग संतोष बोलला. म्हणाला, जाऊ द्या ना साहेब. आई हाय ती. माझ्या आईनं तर मला कान धरून गाडीतून ओढलं असतं. फेरी रद्दच राहू द्या, माझी काय तक्रार नाय. शेखर त्याला म्हणाला, गप रे तू. संतोष म्हणाला, तूच गप, येडा हायेस का, वर्ष घालवतोस.

माझ्यासमोर दोघे भांडत होते की कोणी हरायचं. असला खेळ मी आयुष्यात पाहिला नाही.

शेखर बाद. संतोषला फेरीची अंदाजे वेळ लावून दिली. संतोष चॅम्पियन. बक्षीस देताना शेखर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. माझ्या हातात पर्स होती, मला वाजवता आल्या नाहीत.

खंडेराव जवळ येऊन हळूच म्हणाले, मॅडम, जॅकेट.

१० डिसेंबर

शेखरला नक्की डोक्याला मार बसला आहे. धक्क्यात माणूस काहीही बोलतो. क्लेममध्ये कितीदा पाहिलं, शुद्धीवर आल्यावर लोक जबाब बदलतात. वाट बघते.

१४ डिसेंबर, रविवार

जबाब बदलला नाही. आज एकच मोठं वाक्य बोलला. म्हणाला, आई, माझा पट्टा सोडवताना त्याचे हात थरथरत होते, आणि ते तू केलंस.

मी म्हटलं, हात थरथरतात तर त्यानं गाडी चालवू नये.

शेखर ताट तसंच ठेवून उठला. भाजीत मीठ जास्त झालं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

२२ डिसेंबर

क्लबला अपील पाठवलं. उत्तर आलं की अपील करायचा हक्क स्पर्धकाला असतो, प्रेक्षकाला नाही. प्रेक्षक. मार्शलसुद्धा नाही.

वत्सलाबाई म्हणाल्या, सॉरी म्हणून टाका, विषय संपेल. मी विचारलं, कोणाला? त्या म्हणाल्या, सुरुवात कुठूनही करा. हल्ली त्यांच्याकडे जाणं मी कमी केलं आहे.

४ जानेवारी, रविवार

संतोष घरी आला. कंपनीची गाडी त्याला मिळाली, त्याचा जोडीदार नोकरीसाठी दुबईला गेला. आता शेजारी बसून वळणं वाचायला त्याला शेखर हवा आहे. कर्जापायी शेखरची गाडी विकली गेलीच आहे, बुद्धभूषणला दुसरा संघ मिळाला.

शेखर हो म्हणाला. एका मिनिटात. ज्याच्यापुढे पळायचं, त्याच्या डाव्या बाजूला बसून डावीकडे वळ, उजवीकडे वळ सांगायचं. यासाठी मी त्याला वाढवलं.

निघताना संतोष पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. थोडा मुरगळला आहे. तो तसाच वाकलेला राहिला, मग जमिनीला हात लावून उठला आणि म्हणाला, येतो काकू. पोराला जपून चालवीन.

त्याच्या तोंडी हे "पोराला" मला अजिबात आवडलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार

उद्या मोसमातली पहिली रॅली. इथेच, पेठ रस्त्याच्या बाजूला. टोपी, पाण्याची बाटली, दशम्या, सगळं टेबलावर काढून ठेवलं. नुसतं बघायला जायचं. दोरीच्या मागे. तोंड मिटून.

शेखर टेबलावरचं सगळं बघून गेला. मुक्काम संतोषकडे आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

गेले नाही. माझा निर्णय. धुळीचा त्रास होतो आणि या वयात उभं राहणं झेपत नाही. टोपी परत कपाटात ठेवली.

सकाळी स्टार्टच्या जरा आधी शेखरचा फोन आला. महिन्यात पहिल्यांदा त्यानं आपणहून केलेला. मला वाटलंच होतं, निघण्याआधी आईचा आवाज ऐकावासा वाटणार. मी विचार करून ठेवला होता काय म्हणायचं.

त्यानं विचारलं, आई, तू कुठे आहेस?

म्हटलं, घरी.

म्हणाला, नक्की?

म्हटलं, नक्की. स्वयंपाकघरात आहे.

तो पलीकडे कोणाला तरी म्हणाला, घरीच आहे. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.