ओढ्यातले दगडी शंख

आई, नाताळच्या सुट्टीतली ती छावणी आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आप्पा शाळेत सायन्स शिकवायचे, आणि मॅट्रिकच्या पोरांना घेऊन गोकाककडच्या एका ओढ्यात दगड झालेले शंख खणायला निघाले होते. आचारी आयत्या वेळी तापानं पडला म्हणून तू आलीस, आणि तुझ्या पदराला धरून मी.

दोन तंबू, तीन दगडांची चूल, किटलीत उकळणारा गुळाचा चहा. पोरं ओढ्यात अंघोळी करून कुडकुडत यायची आणि तुझ्या भाकरीवर तुटून पडायची. तू हसत वाढायचीस, पण लक्ष सगळं आप्पांच्या हातोडीकडं. काळ्या फत्तराच्या दोन थरांमध्ये एक पांढुरका थर होता. इथं कधीकाळी तळं होतं, त्यातल्या गोगलगाईंचे हे शंख, असं आप्पा सांगत. तू विचारलंस, "मी जरा खणून बघू?" "आणि सैपाक कोण करणार?" आप्पा म्हणाले. मनात वाईट नव्हतं त्यांच्या, पण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपासून लांब, बाभळीखाली जाऊन बसलीस. "कावळा शिवला," एवढंच मला सांगितलंस. झालं, सैपाक पोरांच्या गळ्यात पडला. तू लांबूनच ओरडतेस, "पाणी लई झालं रं, पीठ लाव अजून!" निपाणीच्या एका पोरानं तर पिठलं असं जाळलं की कुत्रंसुद्धा हुंगून माघारी गेलं. मग आप्पांनी तुझ्यापुढं, जरा अंतर राखून, हातोडी ठेवली. "दगडाला विटाळ नसतो," म्हणाले. आई, तुझा तसा चेहरा मी पुन्हा कधी बघितला नाही. पदर खोचून, ऊन अंगावर घेत, दिवसभर ठकठक. शेवटी बोटाच्या पेराएवढा एक अख्खा शंख निघाला. तो तळहातावर घेऊन तू म्हणालीस, "बिचारी, घर घेऊनच गेली गं." त्या दिवशी तू जेवायचंही विसरलीस.

धाकटा भाऊ आषाढात जन्मला. हा हिशोब मला फार उशिरा, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात पडल्या पडल्या सुचला. नाताळात तुला दिवस गेलेले होते. कावळा कसला शिवतोय डोंबलाचा! मी एकटीच हसत सुटले. सुईण म्हणाली, "काय झालं गं बाई?" काय सांगणार तिला? आप्पांना ठाऊक असणार, असं मला आपलं वाटतं.

चांगलं केलंस. तेवढे दिवस तरी तुझे झाले. हे लिहिलेलं मी धाकट्यालाही दाखवायची न्हाय. पण तुला म्हणून सांगते, त्या रात्री तंबूत थंडीनं रडत मी तुझ्याकडं धावले, तर तू म्हणालीस, "लांब हो, शिवू नको." त्याचा राग अजून गेला नाही माझा. खोटंच होतं, तर मला तेवढं पांघरुणात ओढून घ्यायचं होतंस गं.