निळ्या कागदातलं

ता. ४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणजे तसं ठीक नाही. फोनवर मला खोटं बोलता येतं आणि तुला ते पकडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. त्या तापानंतर माझी चव गेली ती अजून परतलेली नाही. मी बरी आहे, खाते-पिते आहे असं तुला सांगत आले, त्यातलं खाते-पिते एवढंच खरं. काय खातेय ते डोळ्यांनी बघून कळतं.

तू म्हणशील, बरं झालं, ताईचं वजन उतरेल. पण माझं पोट या जिभेवर चालतं रे. बेकरीत क्रीम चढवण्याआधी सगळे चमचा घेऊन माझ्याकडे येतात. मी ‘जाऊ दे’ म्हटलं की माल पुढे जातो. हल्ली मी चमचा तोंडात धरून समोरच्याचं तोंड वाचत होते. तो निवांत दिसला तर ‘जाऊ दे’, कपाळावर आठी दिसली तर ‘अजून जरा बघा’. असं बरेच दिवस खपलं. परवा मात्र आंबलेल्या क्रीमला मी ‘जाऊ दे’ म्हणून बसले, कारण चमचा आणणाऱ्यालाच सर्दी झालेली. तो केक कुणाच्या तरी वाढदिवसाला गेला आणि मालकीणबाईंना त्यांच्या दारात जाऊन हात जोडावे लागले. परत आल्यावर त्यांनी स्वतःच नवा केक करायला घेतला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाय मुरगळल्याचं सांगून मी रजा घेतली आहे आणि घरातल्या घरात लंगडण्याचा सराव करते आहे.

डॉक्टर म्हणाले, लहानपणी जिवापाड आवडायचं ते काहीतरी मिळवा आणि डोळे मिटून खा. त्याची ओळख पटली की बाकीचं मागोमाग येईल. मला दुसरं काही आठवलंच नाही. निळ्या कागदातलं चॉकलेट. अण्णा शनिवारी गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यातून आणायचे आणि आत्या आपल्या दोघांच्या हातावर एकेक ठेवायची, ते. कागदावर अक्षर एकही नाही, नुसती रुपेरी चांदणी, तीही कडेला सरकलेली. खाऊन झाल्यावर मागे बडीशेपेची झाक राहायची. मला तिचा वास अजून आठवतो, म्हणजे नाकाला नाही, डोक्याला. तू अजून त्याच गावात आहेस, चौकातल्या बरण्यांच्या दुकानात बघ. मिळालं तर पाठव. नाही मिळालं तर तसं कळव, उगाच भलतं काही पाठवू नकोस.

माझ्या पायाबद्दल कुणी विचारलं तर सूज आहे म्हण. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी
ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी रागावून घेतो, मग कामाचं लिहितो. एवढं झालं आणि मला पत्ता नाही. मी दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून चष्म्याचे नंबर काढतो. जिभेसाठी तसा तक्ता असता तर पहिल्याच आठवड्यात तुझं बिंग फुटलं असतं. वरची ओळ मीठ, खालची साखर. रागावून झालं.

चॉकलेट मिळालं. चौकातल्या त्याच दुकानात, त्याच बरणीत, सुटं. म्हातारा आता नाही, त्याचा मुलगा बसतो आणि तोही म्हातारा झाला आहे. मी त्याला विचारलं की हे पूर्वीचंच ना, तर त्याला राग आला. बाकीच्या कंपन्या दरवर्षी काहीतरी बदलत असतात, पण या निळ्यात त्याच्या वडिलांच्या काळापासून कणभर फरक पडलेला नाही असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. आता चांदणी बरोबर मधोमध असते आणि चौकोनाऐवजी चॉकलेट गोल आहे, हे मी त्याच्या नजरेस आणलं. तेव्हा चांदणी मधोमधच होती आणि चॉकलेट गोलच होतं, माझेच डोळे तपासून घ्यावेत, असं तो म्हणाला. माझ्या धंद्याचं नाव काढल्यावर वाद संपला. मूठभर घेतली आणि निघालो.

मी स्वतः एकही खाल्लेलं नाही. रक्तातली साखर वाढल्यापासून तुझी भावजय माझे खिसे तपासते. पार्सल बांधताना शेजारी उभीच होती. तेव्हा माझ्या वाटचंही तूच खा आणि काय वाटलं ते सविस्तर लिही. बडीशेपेचं बाकी खरं, मलाही ती अगदी लख्ख आठवते.

तुझ्या सुजलेल्या पायावर डोकं ठेवतो.

भुंगा


ता. १७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. मी आंघोळ करून, खिडकीशी बसून, डोळे मिटून एक तोंडात टाकलं. काय सांगू तुला. दात घासतेय असं वाटलं. गार, झणझणीत, टाळ्यापर्यंत. कॉफीचा मागमूस नाही. त्या निळ्यात कॉफी असायची, कडवट आणि दाट, पहिल्या चाव्याला जीभ जरा मागे सरायची आणि मग गोड लागायचं. त्यातलं काही नाही. बडीशेप तर नाहीच. दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं, तेच. मग वाटलं सकाळच्या दंतमंजनाचं काही राहिलं असेल, म्हणून संध्याकाळी पुन्हा खाल्लं. पुन्हा तेच.

आता मला सांग, मी काय समजू? जीभ मुकी होती तोवर बरं होतं, निदान गप्प बसायची. आता ती तोंडाला येईल ते बोलायला लागली आहे. दुकानदार म्हणतो कणभर बदल नाही, आणि मला कॉफीच्या जागी दंतमंजन लागतं. उद्या व्हॅनिलाला रॉकेल म्हणेन. कुणाला चाखायला देऊन विचारावं म्हटलं तर शेजारीण बेकरीतच काम करते, गावभर बोभाटा होईल.

मी राजीनामा लिहून ठेवला आहे. महिनाअखेर नेऊन देणार. आंबलेला केक पुन्हा कुणाच्या घरी जावा असं मला वाटत नाही, आणि मालकीणबाईंनी पुन्हा कुणापुढे हात जोडावेत असं तर मुळीच नाही. पुढे काय करायचं ते ठाऊक नाही. मला दुसरं येतं काय रे? रडायला आलं म्हणून इथेच थांबते.

तुझी
ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळी कॉफीपाशी अडखळलो. कसली कॉफी? त्या निळ्यात संत्रं असायचं. आंबटगोड, चावलं की कानाच्या खाली कळ यायची आणि मी एक डोळा मिटायचो. अण्णा त्यावरून मला चिडवायचे. कॉफीचं चॉकलेट मी आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला लागल्यावर खाल्लं आणि थुंकून टाकलं. हे मी शपथेवर सांगतो.

म्हणजे बघ, तुला आठवते कॉफी, मला आठवतं संत्रं, बरणीतून निघालं दंतमंजन, आणि कागद एकच. मला आधी वाटलं तुझी जीभच नव्हे तर आठवणही गेली. मग वाटलं माझीच गेली असेल. भावजय तुझी म्हणते, दोघांचीही गेली असणार, घराण्यातच आहे. आपण एका ओट्यावर बसून, एकाच वेळी, एकाच हाताने दिलेलं चॉकलेट खायचो, आणि इतक्या वर्षांत एकमेकांना चव काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. ‘निळं’ म्हटलं की झालं. बडीशेपेवर तेवढं आपलं एकमत आहे, तेही आता मला संशयास्पद वाटू लागलं आहे.

हा निवाडा आत्याशिवाय कुणी करू शकत नाही. तिला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे आजच पत्र टाकलं आहे आणि उत्तर थेट तुलाच पाठवायला सांगितलं आहे. तोवर राजीनामा देऊ नकोस. तुला माझी शपथ घालणार होतो, पण माझी शपथ तू कधी पाळलीस? आत्याची घालतो.

तुझ्या जिभेवर अजून भरवसा ठेवणारा
भुंगा


ता. २५ फेब्रुवारी

चि. बबडीस,
आत्याचे आशीर्वाद.

तुझ्या भावाचं पत्र आलं. डोळ्यांचा धंदा करतो आणि अक्षर असं की मलाच नवा चष्मा लागेल. कॉफी की संत्रं म्हणून विचारतो. दोन्ही नाही. निळ्या कागदात पुदिना असतो. तेव्हाही पुदिनाच होता. दुकानदाराचं बरोबर आहे.

तुम्ही दोघांनी खरं निळं चॉकलेट कधी खाल्लेलंच नाही. कारखान्यात शनिवारी कामगारांना तुटका माल घरी न्यायची मुभा होती. कॉफीच्या आणि संत्र्याच्या वड्या पातळ, त्या तुटायच्या. पुदिन्याचं जाड गोल बटण, ते आपटलं तरी फुटत नसे, म्हणून ते आपल्या घरी कधी आलं नाही. तुझ्या बापाला मात्र तुकडे मुलांच्या हातावर ठेवणं आवडायचं नाही. चॉकलेट करणाऱ्याच्या पोरांनी चुरा का खायचा, असं त्याचं म्हणणं. निळ्या कागदाच्या छपाईत चांदणी सरकली की ते कागद फेकून देत, ते तो उचलून आणायचा. तुम्ही खेळायला गेलात की मी सुरीने तुकडे चौकोनी करायची आणि त्या कागदात बांधायची. नवं कोरं दिसायचं.

वेगवेगळं का दिलं म्हणशील. संत्र्याने तुझं तोंड यायचं, दोन दिवस जेवायची नाहीस. आणि त्याला कॉफी दिली की रात्रभर टक्क जागा, गुणगुणत बसायचा. भुंगा नाव उगाच नाही पडलं. पण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं दिलं असतं तर तुम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या. कागद सारखा असला की पोरं आत बघत नाहीत. तुझी माझ्या उजव्या खिशात, त्याची डाव्या. कधी चूक झाली नाही.

बडीशेप विचारता, तर ती ना अण्णाची ना चॉकलेटची. मी त्याच कारखान्यात बडीशेपेच्या गोळ्यांच्या यंत्रावर होते. आठवडाभर तेच, हात कितीही घासले तरी वास जायचा नाही. तो सगळ्याला लागायचा. तुमच्या केसांनासुद्धा.

आता नीट वाच. तुला दंतमंजनाचा म्हणून लागला तो पुदिना, आणि होताही पुदिनाच. कुणी न सांगता तुला कळलं. मग तू रडतेस कशाला? जिभेने खरं सांगितलं तर तू तिलाच खोटी ठरवून राजीनामा लिहिलास. फाडून टाक तो. कागद थोडे उरलेत माझ्याकडे, त्यात चार बांधून पाठवते आहे. आत काय आहे ते सांगणार नाही. डोळे मिटून खा आणि मला कळव.

जेवत जा. तुझ्यावर जीव असलेली
आत्या


ता. ७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी राजीनाम्याचं पाकीट घेऊन, विसरून न लंगडता, जिन्यापर्यंत गेले होते. तिथेच पायरीवर बसून वाचलं. आधी काही कळेना. इतकी वर्षं मी ज्याच्या आठवणीवर जगले ते मी खाल्लेलंच नव्हतं, आणि जे खाल्लं त्याला नावच नाही. हसावं की रडावं ते समजेना, म्हणून दोन्ही केलं. शेजारीण बाहेर आली आणि पाय फार दुखतोय का म्हणून विचारायला लागली. हो म्हटलं.

चार निळी उघडली, एका दिवशी एक. पहिलं कॉफी. आत्या, तीच कॉफी, जीभ तशीच मागे सरली. दुसरं संत्रं, आणि माझा एक डोळा आपोआप मिटला, तेव्हा भुंगा खोटं बोलत नव्हता हे कळलं. तोंड अजून आलेलं नाही. तिसरं साधं, दुधाचं, त्यात मिठाचा एक खडा तू मुद्दाम टाकलास, बरोबर ना? चौथ्यात चॉकलेट नव्हतंच, गुळाचा खडा होता. तुला संपलं असेल किंवा माझी फजिती करायची असेल. यातलं काही चुकलं असेल तर तसं स्पष्ट लिही, माझ्या वयाकडे बघू नकोस.

सोमवारी कामावर गेले. मालकीणबाईंना सगळं खरं सांगितलं, पायाचंसुद्धा. त्या आत गेल्या आणि चमचा घेऊन आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे न बघता, भिंतीकडे बघून चव घेतली आणि म्हटलं की लोणी कालचं आहे. ते कालचंच होतं. त्यांनी माझा एप्रन खुंटीवरून काढून हातात दिला.

एक गोष्ट मात्र राहिली. चारही चॉकलेटांत मी बडीशेप शोधली. कागदसुद्धा चाटून पाहिले, हे भुंग्याला सांगू नकोस. कुठेच नाही. आधी वाटलं, जीभ अजून थोडी कच्ची आहे. मग लक्षात आलं, तुला ते यंत्र सोडून किती काळ लोटला. आता तुझ्या हातांना नुसता तुझ्या हातांचाच वास असेल, आणि तो कसा असतो ते मला ठाऊकच नाही. तेव्हा पुढच्या वेळी पार्सल पाठवू नकोस, तू स्वतः ये. भुंगा तिथे येऊन तुला गाडीत बसवून देईल, मी उतरवून घ्यायला येईन.

वाट बघते आहे. तोवर उजवा खिसा माझा, हे विसरू नकोस.

तुझी
बबडी